विदा आणि वृत्तान्त

इ.स. १८९७ मध्ये एमिल दुर्खीम यांचा आत्महत्येवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून या ग्रंथाची चर्चा सव्वाशे वर्षे चालू आहे; त्याच्या प्रस्तावनेतील एका लहानशा नोंदीकडे मात्र वाचकांचे लक्ष सहसा जात नाही. ग्रंथातील काही कोष्टकांसाठी सुमारे २६,००० आत्महत्यांची सरकारी कागदपत्रे एकेक करून चाळावी लागली, आणि वय, लिंग, वैवाहिक स्थिती व अपत्ये असणे-नसणे यांनुसार ती वेगवेगळी लावावी लागली, असे दुर्खीम तेथे सांगतात. हे काम त्यांनी स्वतः केले नाही. ते त्यांच्या भाच्याने, मार्सेल मोस यांनी, एकट्याने केले. मोस त्या वेळी पंचविशीच्या आसपास होते. मामांनी सिद्धान्त मांडला, भाच्याने कागद वाचले. ही श्रमविभागणी जुनी आहे आणि संशोधनाच्या क्षेत्रात ती अद्याप मोडलेली नाही.

त्या कागदांपैकी प्रत्येक कागद कोणी तरी लिहिला होता. एका माणसाचा मृत्यू झाला. कोणा अधिकाऱ्याने घरच्यांना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारले. त्यांनी काही सांगितले, काही गिळले. अधिकाऱ्याने त्यातून एक मत बनविले आणि ते शाईने उतरविले. कोष्टकात येईपर्यंत या साऱ्यातून चार रकाने उरले. पुढे सत्तर वर्षांनी, १९६७ मध्ये, जॅक डग्लस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने नेमक्या याच जागी बोट ठेवले. ज्या नोंदींवरून समाजाचे नियम काढावयाचे त्या नोंदी समाजातीलच माणसांनी आपापल्या समजुतीनुसार, अब्रूच्या व श्रद्धेच्या दडपणाखाली केलेल्या असतात, तेव्हा कोष्टकातील फरक हा मृत्यूंतील फरक की नोंद करण्याच्या रीतीतील, असा तो प्रश्न होता. त्याचे संपूर्ण उत्तर आजतागायत मिळालेले नाही. दरम्यान मोस यांचे काम मात्र यंत्राकडे गेले, आणि ते यंत्र चालविणाऱ्या तरुणांची एक निराळी पिढी विद्यापीठांतून घडविली जाऊ लागली.

या पिढीच्या कार्यक्षेत्रास अमेरिकेत 'बिहेव्हिअरल हेल्थ' म्हणतात. मराठीत त्यास रूढ प्रतिशब्द नाही. 'वर्तनस्वास्थ्य' असे म्हणून काम भागविता येईल. नैराश्य व चिंता, दारू आणि तंबाखू यांची व्यसने, आत्मघाताचे विचार, झोप, व्यायाम, औषध वेळेवर घेणे अथवा न घेणे, हे सारे या संज्ञेच्या पोटात येते. माणूस काय करतो हे ज्या आजारात लक्षण असते आणि बहुधा कारणही असते, असे हे आजार. या विषयात डॉक्टरेट करणाऱ्यांना संगणकाचे व संख्याशास्त्राचे प्रगत शिक्षण द्यावे, म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधील वर्तन व समाजविज्ञान संशोधन कार्यालयाने २०१९ साली विद्यापीठांकडून प्रस्ताव मागविले, आणि पुढील वर्षापासून बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठासारख्या काही ठिकाणी असे प्रशिक्षण सुरू झाले. कारण उघड होते. मानसशास्त्राचा विद्यार्थी ज्या प्रश्नावल्या हाताळावयास शिकला होता त्यांच्या शेजारी आता रुग्णालयांची संगणकीय दप्तरे, भ्रमणध्वनीतून दर मिनिटास येणाऱ्या नोंदी आणि लोकांनी एकमेकांस लिहिलेला अफाट मजकूर येऊन पडला होता. आणि ज्याला तो उपसता येत होता त्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास उदासी व नैराश्य यांतील भेद कोणी शिकविला नव्हता.

'डेटा' या शब्दासाठी मराठीत पूर्वी 'आधारसामग्री' असे लिहीत. अलीकडे 'विदा' हा सुटसुटीत शब्द रुळू लागला आहे. 'विद्' या धातूची आठवण करून देणारा हा शब्द चांगलाच आहे. तथापि हिंदी-उर्दूच्या वाचकास त्यात प्रथम निरोपच ऐकू येईल. हा अपघाती श्लेष अगदीच निरर्थक म्हणता येणार नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'दिलेले' असा आहे. कोणी तरी काही दिले, आणि दिलेले ते देणाऱ्यापासून दूर गेले. त्यानंतर ते कोठे जाते, कोणत्या रूपात उरते, यावर देणाऱ्याची सत्ता उरत नाही.

वर्गात दोन प्रकारचे विद्यार्थी एका बाकावर येऊन बसतात. एकास समीकरणांची भीती वाटत नाही, पण रुग्णाशी बोलावयाचे म्हटले की त्याची जीभ टाळ्यास चिकटते. दुसरी व्यक्ती रुग्णालयात वर्षभर बसलेली असते. तिला घरातील भांडण आवाजावरून ओळखता येते, परंतु पडद्यावर आज्ञावली चुकल्याचे तांबडे अक्षर उमटले की तिचा आत्मविश्वास मावळतो. पहिल्या सहामाहीत दुसरीचे हाल होतात आणि पहिला तिला मदत करतो. या मदतीमुळे वर्गात एक समजूत नकळत रुजते, की अवघड ते संगणकाचे आणि उरलेले सर्व सोपे. प्रशिक्षणाच्या पुढील तीन-चार वर्षांचे खरे काम ही समजूत मोडण्याचे असते. ते बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रमात लिहिलेले नसते. कोठे एखादा प्राध्यापक आपणहून ते करतो, कोठे कोणीच करीत नाही.

अभ्यासक्रमात जे लिहिलेले असते त्याविषयी फार सांगण्याची गरज नाही. 'आर' व 'पायथॉन' या संगणकभाषा, समाश्रयणाचे निरनिराळे प्रकार, कार्यकारणाची मीमांसा, यंत्राध्ययन, म्हणजे उदाहरणे दाखवून यंत्राकडून नियम शोधवून घेण्याची विद्या, हा सर्व भाग आता पुस्तकांतून उत्तम रीतीने शिकता येतो. काही नवे प्रयोगप्रकारही शिकविले जातात. अमेरिकेत 'हार्टस्टेप्स' या नावाच्या एका अभ्यासात ३७ प्रौढांच्या फोनवर सहा आठवडे, दिवसातून पाच वेळांपर्यंत, थोडे चालून या अशी सूचना पाठवावयाची की नाही हे दर वेळी नाणे उडविल्याप्रमाणे ठरविले जात होते. सूचनेने पावले वाढत. मात्र दिवसांगणिक हा परिणाम ओसरत गेला. घरात वडीलधारे माणूस असलेल्या कोणासही याचे नवल वाटू नये.

नवल वाटावे असे वेगळ्याच जागी आहे. २०१३ च्या वसंत सत्रात डार्टमथ महाविद्यालयात ४८ विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये दहा आठवडे एक आज्ञावली ठेवण्यात आली होती. झोप किती, हालचाल किती, माणसांशी संभाषण किती, हे फोन न विचारता टिपीत राहिला. सत्र पुढे सरकले, अभ्यासाचा भार वाढला, तसतशी झोप, संभाषण व हालचाल ही तिन्ही घटत गेली आणि ताण वाढत गेला. हा अभ्यास गाजला, आणि तो योग्य कारणासाठी गाजला. कारण मनाची घसरण शब्दांत येण्यापूर्वी पावलांत आणि झोपेत दिसू शकते, हे त्याने आकड्यांत दाखविले. मग अशा नोंदींवरून नैराश्य आगाऊ ओळखणारी यंत्रे घडविण्याचे प्रयत्न सुरू झाले. एका तुकडीवर शिकविलेले यंत्र दुसऱ्या वर्षीच्या अथवा दुसऱ्या संस्थेतील तुकडीपुढे अनेकदा गोंधळते, हेही पुढे आढळून आले. आणि हा डोलारा जेव्हा भारतात आणावयाचा म्हणतात, तेव्हा एक साधी गोष्ट आधी विचारावी लागते: फोन कोणाचा? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, स्वतः वापरावयाचा मोबाइल फोन असलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. उरलेल्या घरांत फोनवरील हालचाल सुनेची की दिराची, हे यंत्र सांगू शकत नाही. फोनने रात्री दोन वाजता टिपलेली जाग एकाची असते आणि झोप उडालेली असते दुसऱ्याच कोणाची.

तथापि याहून खोल अडचण यंत्रास द्यावयाच्या उदाहरणांत आहे. यंत्रास शिकवावयाचे तर हा मनुष्य निराश होता, हा नव्हता, असे प्रत्येक ओळीपुढे कोणी तरी लिहून ठेवावे लागते. इंग्रजीत या शेऱ्यास फार भारदस्त नाव आहे. त्याचा शब्दार्थ 'जमिनीवरील सत्य' असा होतो. प्रत्यक्षात ते सत्य बहुधा २००१ साली प्रसिद्ध झालेल्या नऊ प्रश्नांच्या एका प्रश्नावलीतून आलेले असते. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असे नऊ प्रश्न; प्रत्येकास शून्य ते तीन गुण; एकूण सत्तावीस; दहा किंवा अधिक झाले की पुढील तपासणीस योग्य. वैद्यकाच्या धावपळीत ही प्रश्नावली फार उपयुक्त आहे आणि तिची टवाळी करण्याचे कारण नाही. परंतु तिचे मराठीकरण करावयास बसलेल्या विद्यार्थिनीची पहिलीच ठेच महत्त्वाची असते. गोष्टींत रस न वाटणे, आनंद न वाटणे, असा मूळ प्रश्न आहे. मराठीत शब्दशः विचारले तर बाई नुसत्याच पाहत राहतात. 'करमत नाही का?' असे विचारले तर लगेच बोलू लागतात. पण करमत नाही म्हणजे काय? माहेरची आठवण, रिकामी दुपार, नव्या गावाचा परकेपणा, की जिला वैद्य आजार म्हणेल अशी पोकळी? 'करमणे' या क्रियापदात यांतील सर्व काही मावते. प्रश्न शब्दशः ठेवावा तर उत्तर मिळत नाही, आणि लोकांच्या शब्दात विचारावा तर उत्तर मिळते पण ते दुसऱ्याच प्रश्नाचे असते. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्यास हा पेच परिचित आहे. फरक इतकाच, की येथे भाषांतर चुकले तर समीक्षक रागावत नाही. तीस हजार ओळींचे एक कोष्टक तयार होते आणि त्यावर यंत्र मुकाट्याने शिकत राहते.

या पेचातून निघण्याचा एक मार्ग आफ्रिकेत शोधला गेला आणि त्याचा दुवा गोव्याशी आहे. मुंबईत वैद्यकाचे शिक्षण घेतलेले मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल १९९० च्या दशकात झिंबाब्वेत काम करीत होते. तेथील शोना भाषिक आपल्या त्रासाला 'कुफुंगिसिसा' म्हणत. अर्थ, फार विचार करणे. पटेल व त्यांचे झिंबाब्वेतील सहकारी यांनी पाश्चात्त्य प्रश्नावलीचे भाषांतर केले नाही; लोक जे शब्द वापरीत तेच गोळा करून त्यांतून चौदा प्रश्नांची शोना प्रश्नावली १९९७ साली सिद्ध केली. पटेल पुढे गोव्यात आले. तेथे १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेच्या कामातून, वैद्यक न शिकलेल्या पण नीट तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांना हाताशी धरून नैराश्य व चिंता यांवर उपचार करता येतात का, याची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. डोक्यात विचारांचे काहूर उठते, असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा तो शोना माणसापासून फार दूर नसतो. संगणकाच्या वर्गात या प्रकरणास एक तास मिळाला तरी पुष्कळ. वस्तुतः तो संपूर्ण सहामाहीचा विषय आहे.

शेरा चुकीच्या गोष्टीचा असला की काय होते, याचे उदाहरण मात्र आता बहुतेक ठिकाणी शिकविले जाते. झियाद ओबरमायर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली 'सायन्स'मध्ये दाखवून दिले, की अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी एक आज्ञावली कोणत्या रुग्णास जादा देखभालीची गरज आहे हे ठरविताना प्रत्यक्षात त्याच्यावर किती खर्च होईल याचे भाकीत करीत होती. कृष्णवर्णीय रुग्णांवर आजार तेवढाच असूनही खर्च कमी होत आला होता. सबब यंत्राच्या लेखी ते कमी आजारी ठरत. हा दोष दूर केला असता जादा मदतीस पात्र ठरणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते. गणितात चूक कोठेच नव्हती. गरजेच्या रकान्यात खर्च लिहिला होता, एवढेच.

भारतातील रकाने तपासावयाचे झाल्यास याहून दूर जावे लागत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०२२ साली १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. कारणांच्या कोष्टकात 'कौटुंबिक समस्या' ३१.७ टक्के आणि 'आजारपण' १८.४ टक्के. विद्यार्थी हे कोष्टक संगणकात घेतो, राज्यवार रंगीत नकाशा काढतो, आणि आजारपण व आत्महत्या यांचा संबंध शोधू लागतो. येथे त्याला थांबविणारे कोणी तरी हवे. मराठी वर्तमानपत्रे वाचणाऱ्या कोणासही 'पोटदुखीला कंटाळून' हे शब्द परके नाहीत. विशीतील विवाहितेच्या मृत्यूच्या चार ओळींच्या बातमीत ते येतात, आणि वाचणाऱ्यास त्यांचा अर्थ बहुधा कळतो. कारण सासरचे माणूस पोलिसांस काय सांगणार आणि पोलीस काय लिहिणार, हे त्याला ठाऊक असते. 'स्टोव्हचा भडका' हा असाच दुसरा शब्दप्रयोग. या पोटदुखीचा वैद्यकाशी संबंध असतोच असे नाही, पण कोष्टकात ती आजारपणाच्या रकान्यात जाऊन बसते. ज्याला मराठी येते त्याला हे कळते. ज्याला केवळ 'आर' येते त्याला कळण्याचा मार्ग नाही.

शिवाय नोंद कायद्याच्या छायेत होते. आत्महत्येचा प्रयत्न भारतात दीर्घकाळ गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावयास सांगितले. हा कायदा २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. जुनी दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली तेव्हा ते जुने कलम त्या रूपात राहिले नाही. कायदा बदलला की सांगणाऱ्याची भीती बदलते, भीती बदलली की कागद बदलतो, आणि वीस वर्षांचा आलेख काढणाऱ्यास मध्येच एक वळण दिसते, ज्याचे कारण तो हवामानात अथवा पीकपाण्यात शोधीत बसतो.

याच देशात या प्रश्नास दिलेले एक उत्तर फार मोलाचे आहे. भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी पद्धतीतील लाखो घरांत, 'मिलियन डेथ स्टडी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पात, वैद्यक न शिकलेले प्रगणक गेले. घरात मृत्यू झाला असेल तर त्यांनी ठरावीक प्रश्न विचारलेच, आणि त्याखेरीज घरच्यांनी जे सांगितले त्याचा सुमारे अर्ध्या पानाचा वृत्तान्त त्यांच्याच भाषेत लिहून घेतला. ती भाषा जाणणाऱ्या दोन वैद्यांनी तो एकमेकांस न विचारता वाचावयाचा आणि मृत्यूचे कारण ठरवावयाचे. मत जुळले नाही तर पुन्हा विचार करावयाचा. तरीही न जुळल्यास तिसऱ्या ज्येष्ठ वैद्याने निर्णय द्यावयाचा. २०१२ साली या सामग्रीच्या आधारे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१० साली भारतात सुमारे १,८७,००० आत्महत्या झाल्या असाव्यात. पोलिसांच्या नोंदीत त्या वर्षी सुमारे १,३५,००० होत्या. स्त्रियांच्या आत्महत्यांपैकी ५६ टक्के १५ ते २९ या वयातील होत्या. पोटदुखीच्या रकान्यातून निसटलेल्यांपैकी काही जणी अर्ध्या पानाच्या वृत्तान्तात सापडल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

हे अर्धे पान भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी पाहावे असे आहे. त्यास लेखक आहे, निवेदक आहे, श्रोता आहे. काय सांगावे आणि काय सांगू नये याचे संकेत आहेत. तमिळ घरातील वृत्तान्त आणि भोजपुरी घरातील वृत्तान्त यांची घडण एक नसते. मृत्यूच्या आधीच्या दिवसांची साखळी लावताना कोणी बाधेपासून सुरुवात करतो, कोणी कर्जापासून. साहित्याचा विद्यार्थी ज्याला पाठचिकित्सा म्हणतो, म्हणजे पाठ कोणी, कोणासाठी, कोणत्या प्रतीवरून उतरविला याचा शोध, तिचीच येथे गरज असते. परंतु या वृत्तान्तांकडे वळणारे विद्यार्थी बहुधा दुसऱ्या वाटेने येतात. वैद्यांच्या ऐवजी संगणकाने कारण ठरवावे यासाठी अनेक रीती निघाल्या आहेत. त्यांतील काही केवळ होय-नाही अशा उत्तरांवर चालतात आणि वृत्तान्ताकडे पाहतही नाहीत. २०१९ साली भारतातील ११७ खेड्यांतील ९,३७४ मृत्यूंवर वैद्य व यंत्र यांची तुलना झाली. गावांचा एकत्रित हिशेब पाहिला तर यंत्राची उत्तरे बऱ्याच ठिकाणी जवळ जात. एकेका मृत्यूविषयी मात्र दोघांत वारंवार मतभेद होई. धोरण ठरविणाऱ्यास एकत्रित हिशेब पुरतो, हे मान्य केले पाहिजे. दोन वैद्यांचा वेळ महाग असतो, हेही खरे. पण ज्या घरातील मुलगी गेली त्या घरास एकत्रित हिशेबाचा उपयोग नसतो, आणि डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याने या दोहोंतील अंतर निदान एकदा तरी स्वतः चालून पाहिलेले असावे.

दोघांनी स्वतंत्रपणे वाचावे, ही कल्पना या देशात नवी नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी नमुना पाहणीचा पाया घातला तेव्हा एकाच क्षेत्रात दोन स्वतंत्र पथके पाठवून त्यांच्या उत्तरांतील फरक मोजण्याची रीत त्यांनी रूढ केली. पिकाचा अंदाज किती चुकतो हे तर कळावेच, पण मोजणारा माणूस किती चुकतो हेही कळावे, असा त्यांचा आग्रह होता. रवींद्रनाथांच्या निकट सहवासात राहिलेल्या आणि विश्वभारतीच्या आरंभीच्या वर्षांत तिच्या चिटणीसपदाची धुरा वाहणाऱ्या या शास्त्रज्ञास, एकच प्रसंग दोन निवेदक दोन तऱ्हांनी सांगतात, हे काही संख्याशास्त्राच्या पुस्तकातून कळले असेल असे वाटत नाही.

मग असे शिक्षण सर्वत्र का होत नाही? कारण विद्यार्थ्याजवळ वेळ नसतो. शिष्यवृत्ती ठरावीक वर्षांची. त्यात दोन शाखांचे अभ्यासक्रम, दोन मार्गदर्शक. एक मार्गदर्शक विचारतो, भाकिताची अचूकता किती आली; दुसरा विचारतो, किती माणसांशी बोललात. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराचा निबंध होतो आणि तो परिषदेत वाचता येतो. दुसऱ्याचे उत्तर प्रबंधाच्या ऋणनिर्देशात जाते. आशा कार्यकर्तीबरोबर पंधरा दिवस घरोघर हिंडून ती अर्ज कसा भरते, प्रश्न कोठे गाळते, 'लिहा हो काही तरी' असे म्हणणाऱ्या सासूपुढे काय लिहिते, हे पाहिलेला विद्यार्थी इतरांच्या मागे पडतो. नोकरीच्या अर्जात त्या पंधरा दिवसांस रकाना नाही. दोन गुरूंचा शिष्य अशा वेळी ज्याच्या हाती निबंध असतो त्याच्याकडे झुकतो. त्याला दोष देता येत नाही.

आणि तरीही एक प्रसंग असा आहे, जो या विषयातील जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्यावर कधी तरी येतो. वर उल्लेखिलेल्या प्रश्नावलीतील नववा प्रश्न मरण बरे, अथवा स्वतःस इजा करावी, अशा विचारांविषयी आहे. सामग्री गोळा होऊन सहा-आठ महिने झालेले असतात. नावे काढून टाकलेली असतात. गोपनीयतेसाठी ते आवश्यकच असते. विद्यार्थी रात्री आपल्या खोलीत कोष्टक उघडतो, ओळी चाळतो, आणि एका ओळीत नवव्या प्रश्नापुढे तीन हा आकडा दिसतो. जवळजवळ दररोज, असा त्याचा अर्थ. त्या ओळीस नाव नाही, गाव नाही. उत्तर दिले त्या दिवशी ते कोणी पाहिले होते काय? नीट आखलेल्या अभ्यासात अशा उत्तराकडे त्याच दिवशी पाहणारे माणूस नेमलेले असते, फोन कोणी करावयाचा, रात्री कोणी उचलावयाचा, हे लिहून ठेवलेले असते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात 'टेलि-मानस' ही सेवा सुरू झाल्यापासून १४४१६ हा क्रमांक तरी देता येतो. परंतु फोनमधून आपोआप येणाऱ्या नोंदींच्या अभ्यासात, अथवा दुसऱ्याने गोळा केलेली सामग्री वर्षांनी उघडणाऱ्या अभ्यासात, ही साखळी सहज तुटते. विद्यार्थ्यास समीकरणात काही चूक सापडत नाही. त्याला झोप येत नाही.

ज्या मोस यांनी तरुणपणी ते २६,००० कागद लावले त्यांनीच पुढे, १९२५ च्या सुमारास, देणगीवरील आपला विख्यात निबंध लिहिला. दिलेल्या वस्तूबरोबर परतफेडीचे बंधन येते, असे त्यात नाना समाजांतील उदाहरणांवरून त्यांनी दाखविले आहे. 'दिलेले' असा ज्या शब्दाचा अर्थ त्या विदेस हे बंधन लागू करावे काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या तासास संमतिपत्राच्या नमुन्याखाली गाडला जातो. संमतिपत्र कायद्याने लागते. त्यावर सही झाली की देणे फिटले, असे मात्र कोणत्याही गावात मानीत नाहीत.

प्रशिक्षणाचा शेवटचा टप्पा बहुधा रिकाम्या चौकटींचा असतो. डॉनल्ड रुबिन यांनी १९७६ साली गहाळ विदेची जी मीमांसा केली ती आजही शिकविली जाते. उत्तर निव्वळ योगायोगाने गहाळ होते, म्हणजे फोनची बॅटरी संपते. किंवा ज्याचे कारण इतर नोंदींवरून कळते अशा रीतीने गहाळ होते, म्हणजे परीक्षेच्या आठवड्यात सर्वांचीच उत्तरे कमी होतात. अथवा जे विचारले त्याच्यामुळेच उत्तर येत नाही. उदास असल्यामुळे माणूस उदासीविषयीचा प्रश्न उघडतच नाही. पहिल्या दोन प्रकारांत रिकामी चौकट इतरांच्या उत्तरांवरून भरून काढता येते, आणि त्यासाठी संगणकास एका ओळीची आज्ञा पुरते. तिसऱ्या प्रकारात ती आज्ञा तितक्याच तत्परतेने चालते. यंत्र कुरकुर करीत नाही, आणि भरलेली चौकट इतर चौकटींसारखीच दिसते.

या टप्प्यावर एखादा जुन्या वळणाचा प्राध्यापक एक गोष्ट करावयास लावतो. एकाच माणसाच्या सर्व नोंदी कागदावर छापून तारखांनुसार भिंतीवर लावावयाच्या. पहिले दोन आठवडे सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तिन्ही उत्तरे भरलेली. मग सकाळची उत्तरे थांबतात. काही दिवसांनी दुपारचीही. संध्याकाळची उत्तरे चालू राहतात, पण ती पाच सेकंदांत दिलेली, सर्व प्रश्नांस एकच आकडा. त्यानंतर एका रविवारी सकाळी अचानक एक उत्तर, आणि पुढे अखेरपर्यंत काही नाही. विद्यार्थ्यास त्या भिंतीसमोर उभे करून विचारले जाते, की यांतील कोणत्या चौकटी भरावयाच्या आणि कोणत्या तशाच ठेवावयाच्या.